तुळसानं भात सोडला

तुळसाला शिसारी कशाची येते हे सांगायला बसलं तर दिवस मावळेल. कशाची येत नाही ते सांगणं सोपं. विहिरीचं ताजं पाणी, चुलीतली राख, उन्हात कडक वाळलेला पंचा आणि उकळत्या पेजेची वाफ, एवढ्यावरच ती निर्धास्तपणे नाक ठेवी. बाकी सगळ्या जगाचा तिला संशय. दुसऱ्याच्या घरी पाण्याचा तांब्या पुढे आला की आधी त्याची कड पदरानं पुसायची. लग्नाच्या पंगतीत शेजारीण सोलकढी भुरकायला लागली की हिच्या मानेवर काटा उभा राहायचा. वाडीतल्या बायका म्हणत, "तुळसाची म्हस सुद्दा पाय पुसून गोठ्यात जाता." ते तिच्या कानावर येई, पण ती रागावत नसे. म्हशीचे पाय ती खरंच रोज धूत असे.

एरवी बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकोणिसाव्या वर्षी वेंगुर्ल्याकडून लग्न होऊन ती नांदगावच्या आतल्या या वाडीत आली. नवरा विश्राम, भातशेतीचे चार तुकडे, काजूची बाग, पुढे मंगेश हा एकच मुलगा. चाळीस वर्षं तिनं तोंडातून शब्द न काढता काम केलं. साखर लागूनही दहा वर्षं झाली होती. सकाळी गोळी घ्यायची आणि दोन वेळा उकड्या तांदळाचा भात पोटभर जेवायचा, हा तिचा रिवाज. वाडीत साखर लागलेल्या सगळ्यांचाच तो होता.

यंदा दिवाळीच्या तोंडावर भातकापणीत तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात कापलेल्या रोपाचा सड घुसला. पाय बधिर झालेले, त्यामुळे तिला कळलंच नाही. संध्याकाळी पडवीतल्या फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा ती आधी फडकं घेऊन फरशी पुसू लागली, आणि पुसता पुसता ठिपके आपल्याच मागून येताहेत हे तिच्या ध्यानात आलं. आठवड्यात अंगठा सुजला, मग पिकला, मग त्याला वास येऊ लागला. आजवर ज्याची शिसारी आली त्यापासून उठून दूर जाता येत होतं. हा वास मात्र तिच्याबरोबर अंथरुणात येई, देवासमोर बसे, विहिरीवर जाई.

कणकवलीच्या डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला आणि सरळ सांगितलं, "साखर उतरली नाही तर जखम भरणार नाही. जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. अंगठ्यावर निभावलं तर नशीब समजा, नाहीतर पाऊल जाईल." मग त्यांनी गोळ्या बदलल्या आणि खाण्याचं सांगितलं. भात, भाकरी, पोहे, साखर, गूळ बंद. अंडी, मासे, पालेभाजी, ताक, थोडं कडधान्य चालेल. निघताना म्हणाले, "हे एकट्यानं होत नाही, आई. घरातलं, शेजारचं कुणी सोबतीला धरा."

परतीच्या वाटेवर तुळसा आपल्या पावलाकडे बघत राहिली. तिला भीती होती ती अंगठ्याची नव्हे, पाऊल गेल्यावर खाटेवर पडायची. तिची सासू शेवटची दोन वर्षं खाटेवर होती. तुळसानं तिचं सगळं केलं. धुणं, पुसणं, कूस बदलणं, काही कमी पडू दिलं नाही. नाकाला फडकं बांधून, ओठ घट्ट मिटून, एक शब्दही वाकडा न बोलता केलं. आणि एके सकाळी म्हातारी म्हणाली, "तुळसा, तुजा तोंड बगून माका मराक व्हया असा वाटता." त्यानंतर चार महिन्यांनी म्हातारी गेली. आता खाटेवर आपण असू आणि वर वाकलेलं तोंड असेल सून अपेक्षाचं. अपेक्षा चांगली पोर. तीही काही बोलणार नाही. ते न बोलणंच तुळसाला नको होतं. पायाचं फडकं बदलताना म्हणूनच ती न्हाणीचं दार आतून लावून घेई.

पण दवाखान्यात अपेक्षा बरोबर होती. डॉक्टरांचं बोलणं तिनं ऐकलं होतं, आणि ते त्याच संध्याकाळी विमलाला सांगितलं.

विमला ही बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. पूर्वी एकदा ग्रामपंचायतीवर निवडून आलेली, आवाज असा की वहाळापलीकडे ऐकू जावा. तिला स्वतःला साखर, गटातल्या आणखी चौघींना साखर. तिनं दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना आपल्या पडवीत जमवलं.

"ऐका गो! तुळसाच्या पायाखातर तीन म्हयने आमी सगळ्यांनी भात सोडूचो. भात, भाकरी, घावणे, आंबोळी, पोहे, सगळा बंद. कोणाच्या पोटात दुखता काय?"

"पोटात काय आसला तर दुखतला मगे!" मथुरा म्हणाली. मथुरा ही तुळसाची धाकटी जाऊ. तिचं तोंड हसण्यासाठी आणि खाण्यासाठी सारखंच उघडं असे.

"आणि दुपारी सगळ्यांनी आपापलो डबो घेवन माज्या पडवीत जेवूक येवचा," विमला पुढे म्हणाली. "बायलमाणूस एकटा चुलीकडे बसला काय हात आपोआप टोपात जाता. माका म्हायत आसा, माजो जाता."

सगळ्या हसल्या. उपकेंद्रातल्या सिस्टरनी सहाही जणींचं रक्त तपासलं, गोळ्या विचारल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून एक वाजता विमलाच्या पडवीत पंगत बसू लागली.

तुळसाच्या दृष्टीनं ही पंगत अंगठ्याइतकीच मोठी शिक्षा होती. विमला जेवत नसे, जेवणाशी झटे. बांगड्याचं डोकं तोंडात धरून ती असं ओढी की आवाज अंगणात जाई. मग बोटं एकेक करून चाटायची, शेवटी तळवा, आणि त्याच हातानं आपल्या ताटातला तुकडा शेजारणीच्या डब्यात टाकायचा, "चाखून बघ गो!" मथुरा बोलता बोलता खाई आणि तिच्या तोंडातलं खोबरं कुठे कुठे उडे. तुळसा भिंतीकडे तोंड करून बसे. विमला तिला खांद्याला धरून वळवी. "हिकडे वळ. पाठ करून बसलंस तर तू काय खातंस ता माका कसा कळतला?"

आणि अंडं. अंड्याचं तिचं वैर माहेरापासूनचं. सात-आठ वर्षांची असताना आईनं खुराड्यातून आणलेलं अंडं तिच्या हातात दिलं. तिनं ते ताटलीत फोडलं, तर आतून पिवळा बलक नाही, ओल्या पिसांचं मिटलेल्या डोळ्यांचं काहीतरी बाहेर आलं. तेव्हापासून घरात अंडं शिजलं की ती परसात जाऊन बसे. आता विमलानं उकडलेली दोन अंडी सोलून तिच्यापुढे ठेवली. ओलसर, गुळगुळीत, आणि कापल्यावर पिवळ्याभोवती ती काळपट कड.

"खा गो. त्येका काय काटे आसत?"

तुळसानं अर्धं तोंडात घातलं. ते जिभेवर हललं असं तिला वाटलं. ती उठली, केळीच्या बुंध्याशी गेली आणि सगळं बाहेर आलं. विमला तांब्या घेऊन मागोमाग हजर.

"वकलंस? बरा झाला, पोट रिकामा झाला. आता दुसरा खा."

दुसरं तिनं खाल्लं नाही. पदराच्या टोकात धरलं आणि विमलाची पाठ वळताच पडवीखाली बसलेल्या विमलाच्याच मांजराला दिलं. पुढे ते रोजचंच झालं. दोन आठवड्यांत मांजर बोक्यासारखं दिसू लागलं.

भात मात्र तिनं खरोखर सोडला. विश्राम बिचारा बायकोच्या डोळ्यांसमोर भात नको म्हणून गोठ्यामागं आपलं ताट घेऊन बसे. तिथून त्याच्या आमटी-भाताचा भुरका बरोबर तिच्या कानावर येई. एकदा तिला राहवलं नाही. "भितर येवन जेवा! लपान जेवतास तर आवाज तरी करू नकात!" विश्राम ताट घेऊन आत आला आणि त्या दिवशी भात नुसता गिळून उठला. तिनं त्या भाताकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. सकाळी दहाला पेज घ्यायची, एकला विमलाकडे जाऊन चार घास माशाचे आणि भाजीचे गिळायचे, अंडं मांजराला द्यायचं, घरी येऊन तोंड खळखळून धुवायचं, आणि ओकारीनं ढवळलेलं पोट पुन्हा वाटगाभर पेज घेऊन शांत करायचं. संध्याकाळी भूक लागलीच तर पुन्हा पेज. दीड महिना असा काढला. कधी काळी मनात आलं नव्हतं इतका निग्रह आपल्यात आहे याचं तिला नवल वाटे. अंड्याची चोरी तेवढी मनाला टोचे.

दीड महिन्यानं डॉक्टरांकडे जायचं ठरलं. विमला हट्टानं बरोबर आली. तिची स्वतःची साखर अडीचशेवरून दीडशेवर आली होती, मथुराची उतरली होती, सगळ्यांचीच उतरली होती. ते सगळं डॉक्टरांना दाखवायला तिनं कागद पिशवीत घालून आणले होते.

तुळसाची जेवणानंतरची साखर निघाली तीनशे दहा. जखम होती तेवढीच, आणि अंगठ्याच्या टोकाला काळसर छटा आली होती.

"खरं सांगा आई, भात खाता ना?"

"नाही," तुळसा म्हणाली.

विमला पुढे सरकली. दवाखान्यात ती ग्रामपंचायतीतली मराठी बोले. "डॉक्टर, ती भात खात नाही. मी रोज समोर बसवून जेवायला घालते. माझी गॅरंटी आहे."

"ताई, तुमची गॅरंटी मी मानतो. हा कागद मानत नाही." डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. "अजून पंधरा दिवस वाट बघतो. साखर उतरली तर पाऊल वाचेल. नाहीतर पुढचं थांबवणं माझ्या हातात नाही."

येताना रिक्षात विमला एक अक्षर बोलली नाही. विमला गप्प म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच त्या वाटेची लांबी कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मथुराला घेऊन तुळसाच्या घरी आली आणि विचारता न विचारता सरळ चुलीकडे गेली.

"माका लाजवलंस गो तुळसा. त्या डॉक्टरासमोर माका तोंड रवला नाय."

"मी काय करूक नाय."

"मगे साखर काय वाऱ्यान चडता?"

विमलानं फडताळातले डबे उघडले. झाकणं उचलून आत नाक घातलं. तांदळाच्या डब्यात हात कोपरापर्यंत घालून तांदूळ किती उरलेत ते चाचपलं. त्या हाताला सकाळी साफ केलेल्या बांगड्यांचा वास येत होता. आळ आला त्यापेक्षा त्या हाताची तुळसाला अधिक चीड आली. आता हे सगळे तांदूळ धुऊन वाळवावे लागणार, आणि तरी वास जाईल की नाही कोण जाणे. मथुरा दारात उभी राहून पायाच्या बोटांकडे बघत होती.

चुलीवर टोप होता. विमलानं झाकण उचललं. वाफ वर आली.

"पेज आसा," ती म्हणाली आणि झाकण परत ठेवलं. "भाताचो टोप खंय आसा?"

"भात अपेक्षा करता. कामाक जाताना करून जाता. तिघांचो."

"तिघांचो काय चौघांचो?"

 तुळसा तुळशीवृंदावनापाशी गेली आणि हात जोडून म्हणाली, "रवळनाथाची आण आसा. दिवाळीपासून मी भाताचो एक घास खावक नाय."

वाडीत ग्रामदेवाची अशी शपथ कुणी सहज घेत नाही. विमलानं वृंदावनाकडे बघून हात जोडले. मग चालू लागली. मथुरा जाता जाता हळूच म्हणाली, "वयनी, पेज थंड होतली, पिवन घे."

पायाचं फडकं एक दिवसाआड तन्वी सिस्टर येऊन बदलून जात, मधल्या दिवशी तुळसा न्हाणीत स्वतःच बदलत असे. त्या कोल्हापूरकडच्या. इथल्या उपकेंद्रात येऊन त्यांना आठ महिने झाले होते. त्या नेहमी दुपारी चारला यायच्या, पण झडतीनंतर तिसऱ्या दिवशी लसीकरणाचं काम होतं म्हणून सकाळी दहालाच आल्या. फडकं झालं. तुळसानं हात धुतले, आणि दारात आलेलं माणूस दहाच्या वेळेला तसंच कसं पाठवायचं म्हणून दोन वाटगे मांडले.

"बाई, पेज पिया वायच."

सिस्टरनी वाटग्यात पाहिलं. तळाशी लालसर शितं बसली होती, वर दाट पाणी.

"काकी, तुम्ही पण हे घेता?"

"घेतंय तर. पोटाक आधार नको?"

"पण यात भात आहे की हो."

"भात नाय. पेज."

"पेज, पण कशाची?"

तुळसा हसली. शहाण्यासुरत्या मुलीनं असं काय विचारावं! "पेज कशाची आसतली? तांदळाची."

बोलून झालं आणि तिच्या हातातली पळी टोपात तशीच राहिली.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी खाली बसून नीट विचारलं. सकाळी किती? दोन वाटगे. दुपारी? विमलाकडून आले की एक. संध्याकाळी? एक, कधी दीड. पूर्वी किती घ्यायचात? पूर्वी सकाळी एकच. दुपारी जेवण असे ना.

"म्हणजे भात सोडल्यावर तुम्ही पेज वाढवलीत," सिस्टर म्हणाल्या. "काकी, पातळ केला तरी तांदूळ तो तांदूळच."

या वाडीत पेज कुणी खात नाही, पितात. बाळंतिणीला देतात, तापकऱ्याला देतात, उन्हातून आलेल्याला पाण्याऐवजी देतात. जेवलास का विचारलं तर सकाळी पेज पिऊन आलेला माणूस नाही म्हणतो. विमलानं झाकण उचलून ती डोळ्यांनी पाहिली होती आणि तिलाही दिसली नव्हती. तुळसाची शपथही खोटी नव्हती. पण तेवढ्यानं साखर उतरणार नव्हती.

सिस्टर गेल्यावर तिनं टोप उचलला आणि म्हशीपुढे ओतला. म्हशीनं तोंड घातलं, आणि फेसाळलेल्या पेजेत ती काळी ओली नाकपुडी बुडालेली पाहून तुळसाला मळमळलं. सगळ्या वाडीचे हात तपासले, ती मनाशी म्हणाली, तांब्याच्या कडा पुसल्या, आणि आपल्याच तोंडात काय जातंय ते एकदा नीट पाहिलं नाही. जन्मात तिला अनेकांची शिसारी आली होती. स्वतःची एवढी कधी आली नव्हती.

एक वाजता ती विमलाच्या पडवीत गेली. झडतीनंतर दोन दिवस ती आली नव्हती, म्हणून सगळ्याजणींनी सरकून तिला जागा केली. ती बसली नाही. खांब धरून उभी राहिली.

"माका दोन गोष्टी सांगूच्यो आसत. एक म्हणजे अंडी मी खाणत नव्हतंय. मांजराक घालत होतंय."

"तरीच!" विमला म्हणाली. "तरीच म्हटलंय, ह्या मांजरान उंदीर मारूचे कशे सोडले!"

तुळसानं खांब सोडला नाही.

"आणि दुसरी म्हणजे मी पेज पियत होतंय. दिवसाक चार वाटगे."

मथुराच्या हातातला घास तसाच राहिला. "मगे? पेज काय भात आसा?"

"तांदळाची आसता गो मथुरा."

मथुरानं हे थोडा वेळ चघळलं. मग तिचं तोंड उघडंच राहिलं. "अगे बाये! मी पण अर्धो वाटगो पियतंय!"

"अर्धो तर मी पण," कुणीतरी कोपऱ्यातून म्हणालं.

विमला उठली. तिचा हात उष्टा होता, तो तिनं लुगड्याला पुसला, आणि तुळसानं त्या क्षणीही नजर दुसरीकडे वळवली. "मी झाकण उचलून बगलंय गो," विमला हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज वाडीनं त्याआधी ऐकला नव्हता. "माज्या ह्या डोळ्यांनी बगलंय. आणि तुजे डबे उसकटीत बसलंय." माफी वगैरे मागणं तिला जमणारं नव्हतं. ती म्हणाली, "उद्या दहा वाजता मी येतंय. तुज्या पेजेच्या टायमाक. अंडा घेवन."

आणि ती आली. रोज आली. अकरा दिवस उरले होते आणि विमलानं ते दारावर कोळशाच्या रेघांनी मांडले. दहा वाजता ती चुलीपुढे फतकल मारून बसे, वाटीत अंडं सोली, मीठ-मिरपूड लावी.

"हात धुयलंस?"

"धुयलंय."

"साबणान?"

"साबणान, राखेन, वर लिंबू चोळून! आता काय हात तोडून ठेवू? नाक धर आणि गीळ."

तुळसा नाक धरी. डोळ्यांतून पाणी काढत, तीन घोट ताकाबरोबर ते खाली लोटी. वर येऊ लागलं की विमला तिच्या पाठीवर एक थाप देई, आणि थापेच्या धाकानं अंडं पुन्हा खाली जाई. पहिले चार दिवस पेजेवाचून तिचं डोकं दुखलं, हातपाय गळाले. सिस्टर रोज साखर बघून जात. सहाव्या दिवशी ती अडीचशेखाली आली. आठव्या दिवशी एका अंड्याची दोन झाली आणि तुळसानं विमलाला पोटभर शिव्या दिल्या. चाळीस वर्षांत तिच्या तोंडून शिवी कुणी ऐकली नव्हती. विश्राम गोठ्यातून धावत आला, काय पेटलं म्हणून.

नवव्या दिवशी सिस्टर रजेवर होत्या. फडकं बदलायचं होतं. तुळसा सवयीप्रमाणे न्हाणीकडे निघाली तर विमलानं दारात पाय घातला.

"वाकान तुका दिसता तरी काय? बस हय."

तिनं पाय मांडीवर घेतला आणि फडकं सोडलं.

"शी शी शी! काय गो ह्यो वास! मेलेलो उंदीर बांधून ठेवलंस काय?"

तुळसानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. बघायचं नाही असं ठरवूनही पाहिलं. विमलाचं नाक डोळ्यांपर्यंत चढलं होतं, ओठ वाकडे झाले होते, आणि ते सगळं ती काही न लपवता, मोठ्यानं, वाडीला ऐकू जाईल असं करत होती. हात मात्र सिस्टरांनी दाखवल्याप्रमाणे हळू चालले होते.

"वकारी येता तर सोड," तुळसा म्हणाली.

"येता तर! वकारी येता म्हणान कोण मराक नाय. तू अंडा खातंस मगे?"

तुळसाला हसू आलं. हसता हसता ते कधी रडं झालं तिलाच कळलं नाही. खाटेवरच्या म्हातारीपुढे आपण एकदा जरी असं मोठ्यानं "शी" म्हटलं असतं, तर ती बिचारी कदाचित हसली असती. त्या दिवशी संध्याकाळी अपेक्षा कामावरून आल्यावर तुळसानं तिला हाक मारली, पाय पुढे केला आणि फडकं सैल झालंय, बांधून दे म्हणून सांगितलं. "वास येता हां," ती म्हणाली. "नाक दाब. मी काय म्हणनंय नाय."

अपेक्षा खाली वाकली. "आये, खराच गो, खूप वास येता," ती म्हणाली, आणि बांधून दिलं.

डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीच्या पंधराव्या दिवशी साखर एकशे सत्तर निघाली. जखमेच्या कडा लाल झाल्या होत्या, म्हणजे मांस जिवंत होतं. पण अंगठ्याचं टोक काळं पडलेलं, ते परत येणार नव्हतं. नखाकडचं तेवढं पेर काढावं लागलं.

"ही साखर दीड महिन्यापूर्वी उतरली असती तर एवढंही गेलं नसतं," डॉक्टर म्हणाले.

"पाऊल राहील ना?" तुळसानं विचारलं.

"राहील. आता खाताय तसंच खात राहिलात तर. काय काय खाता सांगा बघू."

तुळसानं सांगायला सुरुवात केली. अंडी दोन, मिठासकट. ताक तीन घोट. माठाची भाजी, बांगडा एक, त्यातला अर्धा मथुराला. चवळीची उसळ दोन पळ्या. डॉक्टर मान हलवत होते. मग पाणी किती, गोळी कुठल्या घोटाबरोबर, जेवणानंतर तोंडात धरलेली लवंग, ती चावून गिळलेली की थुंकलेली, हेही तिनं सांगितलं. विमलानं कोपरानं ढोसलं तरी ती थांबली नाही. "नाही, सगळं सांगितलेलं बरं," ती डॉक्टरांना म्हणाली.

जखम भरून आली ती शिमग्याच्या सुमाराला. तीन महिने केव्हाच उलटले होते, पण पंगत मोडली नव्हती. मथुरानं अर्धा वाटगाही सोडला होता आणि रोज एकदा तरी त्याच्या नावानं गळा काढत होती. तुळसा काठी न घेता, जरा तिरकी चालत, दुपारी विमलाच्या पडवीत आली. विमला नेहमीप्रमाणे माशाच्या डोक्याशी झटत होती. तुळसा तिच्या शेजारी बसली, डबा उघडला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"हिकडे वळ गो."

"वळणंय नाय. तुजा खाणा बगून माका वकारी येता."

"आणि माका तुज्या पायाचा ता बोट बगून येता," विमला म्हणाली. "पाय तितके आडोशाक ठेव."

तुळसानं पाय पदराखाली घेतला. डब्यातलं अंडं उचललं, नाक धरलं, आणि भिंतीकडे बघत गिळलं.